हात खाली असताना

"हे त्यांना सांगू नका," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि दुभाषीचे हात हवेतल्या हवेत थांबले.

त्याच्या आधीचं वाक्य असं होतं: "मुलगी ऐकणारी, चुरूचुरू बोलणारी. आणि हे दोघं असे. म्हणजे घरात फुकटची दुभाषी हवीय यांना, दुसरं काय!" आणि मग आवाज जरा खाली आणून, समोरच्या दोघांचं आवाजाशी काही देणंघेणं नसताना, "हे त्यांना सांगू नका हं. आपलं आपल्यात." आपल्यात म्हणजे कोणात? टेबलाच्या अलीकडे अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी दत्तक समितीवरचे वकील, आणि त्या दोघांच्या मध्ये खुर्ची जराशी मागे घेऊन बसलेली ती, खुणांच्या भाषेची दुभाषी. पलीकडे नवरा-बायको, दोघंही जन्मापासून बहिरे. तिला ऐकू येतं, एवढ्या एका पात्रतेवर बाईंनी तिला परस्पर आपल्या गोटात ओढून घेतलं होतं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. राग आला की आधी पाळ्या तापतात, मग बऱ्याच वेळाने तिला कळतं की आपल्याला राग आलाय. आज दोन्ही एकदमच झालं.

दुभाष्याचे नियम तसे दोनच, आणि ते तिला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं हातांवर आलं पाहिजे, शिव्या, खोकताना मारलेले टोमणे, फोनवरची कुजबूजसुद्धा. आणि समोरचे हात जे बोलतील ते तोंडाने बोलताना 'मी' म्हणून बोलायचं. 'त्या म्हणतात की' असं नाही. समोरच्या बाईला राग आला तर 'मला राग आलाय' असं आपण म्हणायचं, समोरचा माणूस खोटं बोलला तर आपणही तेवढंच खोटं बोलायचं. पंधरवड्याच्या प्रशिक्षणात तिने हे नियम नव्या मुलींना शिकवले होते. मग आता हात का थांबले? समोरच्या बाईची डावी भुवई वर चढली. ही भुवई बाईच्या मर्जीबाहेर आपोआप वर जाते, म्हणून बहिऱ्या मित्रमंडळींत तिचं नावच ते पडलं होतं: तर्जनीचं टोक भुवईवर ठेवून जरासं वर उचलायचं. दुभाषीच्या मनातही तिचं नाव भुवईच. काय म्हणाल्या त्या? भुवई विचारत होती. बोलणारीचे ओठ एवढा वेळ हलले आणि हातांवर काहीच आलं नाही, म्हणजे मध्येच कुणीतरी काहीतरी गिळलं, हे बहिऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांचा अख्खा जन्म अशा गिळलेल्या वाक्यांच्या कडेकडेने जातो.

भुवई दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होती. आज स्वच्छ घासून आली होती तरी तिच्या नखांच्या कडांना हिरड्यांच्या रंगाचं गुलाबी मेण राहिलं होतंच. नवरा फर्निचरला पॉलिश करायचा, त्याच्या ठेवणीतल्या शर्टालासुद्धा स्पिरिटचा वास होता. दोघं बरेच महिने संस्थेत जाऊन एका तीन वर्षांच्या मुलीला भेटत होती. मुलगी आधी त्यांना पाहून ओरडून हाका मारायची, मग एक दिवस तिने हाक मारायचं सोडलं आणि मागून येऊन भुवईच्या खांद्यावर थापटी मारली. कुणी शिकवलं नव्हतं. ते सांगताना मघाशी नवऱ्याचे हात इतके घाईघाईने चालले होते की दुभाषीला त्याला थांबवून पुन्हा विचारावं लागलं होतं. कागदपत्रं झाली होती, घर बघून झालं होतं, शेजाऱ्यांना विचारून झालं होतं. आता या खोलीतून 'हो' म्हटलं गेलं की मुलगी त्यांची, आणि 'नाही' म्हटलं गेलं की ती दुसऱ्या कुणाच्या तरी रांगेत जाणार होती. सकाळपासून भुवईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला नव्हता.

हे त्यांना सांगू नको. या वाक्यावरच तर दुभाषी लहानाची मोठी झाली. किराणावाला म्हणायचा, डॉक्टर म्हणायचे, घरमालक तर दर भेटीला म्हणायचा. तिचे आईवडील दोघंही बहिरे, आणि फ्रॉकातल्या वयापासून ती त्यांच्यासाठी काउंटरच्या कडेला हनुवटी टेकवून उभी. घरमालक वर बघत म्हणाला होता, "या मुक्या-बहिऱ्यांना खोली दिली हीच चूक झाली. तू नको सांगू हं हे," आणि आईने विचारलं होतं, काय म्हणतोय? तिने हातांनी सांगितलं होतं, म्हणतोय, ऊन फार वाढलंय. आईने मान डोलवून घरमालकाला खूण केली होती: खरंच, फार. घरमालक गोंधळला होता. अशी कितीतरी उन्हं, कितीतरी पाऊस, कितीतरी 'तब्येत कशी आहे' तिने त्या वयात रचून सांगितले. तिच्या आईवडिलांची अनेक वर्षं अशी समजूत होती की जग फार सभ्य आहे. आपण काही वाईट करतोय असं तिला वाटायचं नाही, उलट तोंडात आलेलं गिळून गोड काहीतरी हातावर ठेवताना आपण फार मोठ्या झालोय असं वाटायचं. फक्त रात्री जबडा दुखायचा. अजूनही दुखतो.

आणि आत्या. वडिलांची थोरली बहीण, बोलकी, सगळ्या घरादाराच्या वाटचं एकटीच बोलायची. आत्या यायची, सोफ्यावर बसायची, भावाकडे आणि वहिनीकडे हसून बघायची आणि हसतानाच, चेहऱ्यावरचं हसू जराही न हलवता, तिच्याशी बोलायची. "तुला माहितीय ना, तू पोटची नाहीस? घेतलेली आहेस." तेव्हा ती आठवीत असेल. माहीत होतं तिला. आईने फार पूर्वीच सांगितलं होतं, हातांनी, आणि हातांवर त्याच्यासाठी जी खूण होती ती अगदी साधी होती: खालून काहीतरी दोन्ही हातांनी उचलायचं आणि छातीशी आणायचं. पुस्तकातली अधिकृत खूण वेगळी आहे, पण घरात हीच. ती इतकी रोजची होती की भाजीची पिशवी उचलतानाही आईचे हात तसेच जायचे आणि तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण आत्याकडे शब्द होते. घेतलेली. मग, आई उठून आत गेल्यावर, "पदरात घेतली हो तुला, नाहीतर कुठे असतीस." मग आणखी कुणालातरी फोनवर, "पाळलेली आहे, पण हुशार निघाली." पाळलेली! मांजर पाळतात, पोपट पाळतात. शाळेत बाईंनी सगळ्या वर्गासमोर 'दत्तक' म्हटलं, इतक्या हळुवारपणे की तो आजार असल्यासारखा वाटला. शेजारीण 'मानलेली' म्हणायची. कुणी 'सांभाळलेली' म्हणालं, कुणी 'आणलेली', एका पाहुण्याने तर सरळ 'उचललेली' म्हटलं आणि वर स्वतःच हसला. ते सगळे शब्द तिने साठवून ठेवले होते, कारण हातांवर त्यांच्यातला एकही नव्हता. एकाही शब्दात घेणारी माणसं कशी होती ते नव्हतं. सगळ्यांत तीच होती, एखाद्या सामानासारखी, कुठून तरी कुठे तरी नेलेली. आणि शेवटी एके दिवशी आत्या जे बोलली ते. "अगं, दोघांनाही ऐकू येत नाही, मग घरात कुणीतरी कान नको? म्हणून तर ऐकणारी बघून आणली. कान म्हणून आणली तुला. हे सांगू नको हं त्यांना." आई दारातून बघत होती. काय म्हणते आत्या? तिने हातांनी सांगितलं, म्हणते, चहा छान झालाय.

आई खूश झाली होती. आत्यासाठी अजून चहा टाकायला गेली.

आत्या आता नाही. वडील नाहीत. आई आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि दर रविवारी ती आईकडे जाते, आणि आजतागायत तिने आईला विचारलेलं नाही की कान म्हणून आणलं होतंस का मला. विचारायला किती सोपं आहे. चार खुणा. पण मग आईने काय उत्तर दिलं असतं आणि ते उत्तर बघताना आपण कुठे बघितलं असतं, हे तिला ठरवता येत नाही. दुसऱ्यांची उत्तरं ती दिवसभर या हातातून त्या तोंडात नेते. आणि इथे, भर दुपारी, हातात पेन धरलेल्या आणि गळ्यात चष्मा अडकवलेल्या एका बाईने आत्याचंच वाक्य जसंच्या तसं टेबलावर ठेवलं होतं, त्याच आवाजात, त्याच हसऱ्या तोंडाने.

तिने हात वर केले आणि सगळं सांगितलं. मुलगी ऐकणारी, हे दोघं असे, फुकटची दुभाषी हवीय. आणि हेही सांगितलं: त्या मला म्हणाल्या की हे तुम्हाला सांगू नका. 'असे' म्हणताना अध्यक्षबाईंनी हाताचा जो झटका दिला होता तोही तिने तसाच दिला. नवऱ्याचा चेहरा उतरला. भुवईचा उतरला नाही. ती फक्त खुर्चीत सरळ झाली.

"तुम्ही सांगितलंत का त्यांना?" अध्यक्षबाईंचा आवाज चढला. "मी स्पष्ट म्हटलं होतं, सांगू नका."

"माझं काम आहे ते," ती म्हणाली, आणि हा संवादही हातांनी करत राहिली.

"त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हटलं होतं मी. जाऊ दे. आता सांगितलंच आहे, तर विचारा. उत्तर द्या म्हणावं."

वकिलांनी घसा साफ केला. ते मघापासून संधी शोधत होते. त्यांना शब्दांची आवड होती, हे त्यांच्या पेनाच्या निबच्या आकाराच्या टायपिनवरूनसुद्धा कळलं असतं. "त्याआधी यांना एक गोष्ट समजावून सांगा," ते म्हणाले. "सांभाळणं वेगळं, पालकत्व वेगळं आणि दत्तक वेगळं. माणसं घोळ घालतात. सांभाळणं म्हणजे तात्पुरतं. पालकत्व म्हणजे जबाबदारी, नातं नाही. दत्तक म्हणजे अंगीकार. पूर्ण, विनाअट स्वीकार. मनात काही हिशेब ठेवून केलेला तो स्वीकार नव्हे." ती हे सगळं हातांवर आणत होती आणि आणता आणता तिच्या पाळ्या पुन्हा तापल्या. विनाअट! घराच्या खिडक्यांना गज आहेत का ते बघून झालं, दोघांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, शेजारणीला विचारून झालं की हे भांडतात का, आणि भांडत असतील तर कसे भांडतात, आणि आता हे विनाअट शिकवतायत. येताना तिने कोपऱ्यावरच्या चौकात पाटी बघितली होती: हा चौक एका सिमेंटच्या कंपनीने दत्तक घेतला आहे. पाटी चकचकीत, आणि खालचं गवत पार वाळून गेलेलं, एक कुत्रं त्याच्यात अंग घुसळत होतं. कुणी त्या कंपनीला विचारलं होतं का, की चौक तुम्हाला कशाला हवा? त्या कंपनीला बोलावून कुणी खुर्चीत बसवलं होतं का? झाडं दत्तक, गावं दत्तक, प्राणीसंग्रहालयातलं अस्वलसुद्धा दत्तक, आणि जिथे खरोखरच एक बाई एका मुलीसाठी सकाळपासून पाणी न पिता बसलीय तिथे यांना शब्दाचा अर्थ समजावून सांगायचाय. तिला वाटलं, या माणसाचा टाय धरावा. तिने हात स्वच्छ, नेमके ठेवले. वकिलांचं वाक्य जेवढं गुळगुळीत होतं तेवढंच गुळगुळीत केलं.

भुवईने सगळं पाहून घेतलं. मग एक छोटी खूण केली: थांबा, विचार करते. आणि हात टेबलावर, एकावर एक, ठेवले.

"जरा थांबा, विचार करते," ती भुवईच्या वतीने म्हणाली.

भुवई टेबलाकडे बघत होती. नवरा भुवईकडे बघत होता. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी कपाट सरकवत होतं आणि त्याचा किंचाळल्यासारखा आवाज येत होता, तो त्या खोलीतल्या तिघांनाच ऐकू येत होता. वकिलांनी घड्याळ बघितलं, अध्यक्षबाईंकडे जरासं झुकले आणि म्हणाले, "बघा. उत्तर नाही. नसतंच."

ती बोलायला लागली.

"उत्तर आहे," ती म्हणाली. "मला कान नकोत. कानांवाचून माझं आजवर काही अडलेलं नाही. मी कामावर जाते, बिलं भरते, भांडते, सिनेमा बघते. मूल कशाला हवं, हे तुम्ही इथे येणाऱ्या प्रत्येकाला विचारता का? कुणाला म्हातारपणची काठी हवी असते, कुणाला दुकान चालवायला माणूस, कुणाला सासूचं तोंड बंद करायचं असतं. त्यांना तुम्ही हसून सह्या देता. आणि मी आले की तुम्हाला एकदम माझ्या मनातला हिशेब दिसतो. मी त्या मुलीला घरी नेलं, तर ती माझी मुलगी असेल. तिला उद्या कुणी सांगितलं की तुला कान म्हणून आणलं, तर त्या माणसाचं तोंड मी बघणार नाही. कारण असं एकदा ऐकलं की ते आयुष्यभर उतरत नाही. मूल मोठं होतं, नोकरी करतं, हसतं, बोलतं, आणि आत बसून सारखं विचारत राहतं की मी त्यांना कशासाठी हवी होते. तुम्ही हे शब्द असे सहज टाकता. तुमचं काय जातं?"

तिचा आवाज शेवटी फुटला. ते तिच्या ध्यानात आलं तेव्हा अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसायला सुरुवात केली होती. वकील टेबलावरच्या काचेखाली काहीतरी शोधल्यासारखे बघत होते.

"बास," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बास, मला हेच ऐकायचं होतं. मी मघाशी बोलले ते चुकलंच माझं. माझी काही हरकत नाही. वकीलसाहेब?" वकिलांनी मान हलवली. अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

नवऱ्याला काहीच कळलं नव्हतं, पण त्याने पेन बघितलं आणि बाईंचे पुसलेले डोळे बघितले, आणि त्याचा चेहरा असा उजळला की तिला क्षणभर वाटलं, झालं, सगळं नीट झालं. इतकी वर्षं जे गिळत आलो ते आज एकदाचं बाहेर टाकलं आणि त्याच्यातून यांचं भलंही झालं. तिला अंगात हलकं वाटत होतं. मग तिने भुवईकडे पाहिलं.

भुवईचे हात अजून टेबलावर, एकावर एक, तसेच होते. तिने उजवा हात सावकाश उचलला. माझे हात खाली होते, ती म्हणाली. तुझे ओठ हलत होते. तू काय बोललीस?

नंतर सांगते, असं ती सांगू शकली असती. पेन कागदाच्या वर दोन बोटांवर होतं. एक खूण केली असती, खांद्याला हलकासा झटका दिला असता, तर सही झाली असती आणि संध्याकाळपर्यंत मुलगी यांच्या घरी गेली असती. लहानपणी तिने यापेक्षा मोठी वाक्यं यापेक्षा लहान खुणांत गिळली होती. पण भुवई वाट बघत होती, आणि त्या बघण्यात संशय नव्हता, नुसता प्रश्न होता. तिने सांगितलं. अक्षरन् अक्षर सांगितलं, आवाज कुठे फुटला तेही.

भुवईचा चेहरा पांढरा पडला. नवऱ्याने तिच्या कोपराला हात लावला. सोड, त्याचे हात म्हणाले. चांगलंच बोलली ती. सही होऊ दे, मग बोल काय बोलायचं ते.

नाही, भुवई म्हणाली. तिचे हात आता लहान लहान, कडक हलत होते. आयुष्यभर माझ्या नावाने लोक बोलले. माझा भाऊ बोलला, डॉक्टर बोलले, ही बाई मघाशी बोलली. आणि आता तूही? माझी मुलगी मी माझ्या बोलण्यावर आणणार. दुसऱ्याच्या नाही. सांग त्यांना.

"सही होऊ दे ना," दुभाषी आता स्वतःच म्हणाली, हातांनी, तोंड बंद ठेवून. "नाहीतर जाईल सगळं."

सांग त्यांना.

ती खुर्चीत पुढे झाली. "मघाचं मी बोलले नाही," ती म्हणाली. "माझे हात खाली होते. दुभाषी स्वतःच्या मनाने बोलली. माझं उत्तर आता देते."

अध्यक्षबाईंचं पेन थांबलं. "म्हणजे? हे काय?"

भुवईचे हात चालू झाले, आणि तिला ते बोलावंच लागलं. "खोटं कशाला बोलू? हो, मला ऐकणारी मुलगी हवी होती. आम्ही तसं सांगितलं होतं. दारावर कोण आलं, ते ती मला सांगेल. दवाखान्यात माझ्याबरोबर येईल. कुठे आवाज झाला की ती मान वळवेल आणि मला कळेल की आवाज झाला. मला तिचे कान हवेत." इथे दुभाषीचा आवाज अडकला. भुवई थांबली, तिचं बोलून होईपर्यंत थांबली, आणि मग पुढे गेली. "मला तिचे दात हवेत, तिची उंची हवी, ती चिडली की पाय आपटते ते हवं. त्यातले कान तेवढे वेगळे काढून मी परत का देऊ? तुमच्या मुलांनी तुमचा चष्मा शोधून दिला तर तुम्ही त्यांना नोकर म्हणता का? मी तिच्याकडून कामं करून घेईन. ती दमली की करून घेणार नाही. आणि कधी विचारलं तिने, मला कशासाठी आणलंस, तर मी तिला हेच सांगेन, असंच, समोर बसून. तिला वाईट वाटलं तर वाटू दे. पण तिने मला विचारावं. मनात ठेवून बसू नये."

वकिलांनी हात पसरले. "हेच तर मी म्हणत होतो. हिशेब आहे."

"हे तरी त्यांचंच आहे ना?" अध्यक्षबाईंनी दुभाषीला विचारलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडा अजून ओल्या होत्या आणि त्याचाच त्यांना आता राग आला होता. "मघाशीही तुम्ही 'मी' म्हणालात, आताही 'मी'. यातलं तुमचं किती आणि यांचं किती, मला कसं कळायचं? मी कशावर सही करू?"

तिने हेही भुवईला सांगितलं. भुवईने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच ठेवलं.

"माझं," ती म्हणाली.

"नाही, तुम्ही नका सांगू आता." अध्यक्षबाईंनी टोपण लावलं. "नवी तारीख देते. दुसरा दुभाषी बोलवा. पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून. ते हातांवर आणताना तिला वाटलं, आपण उभं राहावं आणि ओरडावं, की उत्तर दिलंय तिने, तुमच्यासमोर दिलंय, इतकं सरळ उत्तर या खुर्चीत आजवर कुणी दिलं नसेल, आणि रडवलं तेव्हा तुम्हाला ते पटलं, आणि खरं बोललं तेव्हा पटत नाही. सगळं ओठांपर्यंत आलं. पण समोरचे हात खाली होते, आणि ती गप्प बसली. नवरा उठून उभा राहिला, खुर्ची आवाज करत मागे गेली. तो कुणाकडेही न बघता बाहेर गेला.

व्हरांड्यात कपाट भिंतीला लागलं होतं. नवरा जिन्यापाशी पाठ करून उभा होता. भुवई पर्समध्ये ओळखपत्र परत ठेवत होती, ते नीट बसेना, तिने दोनदा काढून परत घातलं. ती भुवईच्या समोर जाऊन उभी राहिली. माफ करा, असं म्हणायला तिने हात उचलला, पण भुवईने मान हलवली, ते नको म्हणून.

"दुसरी येईल तेव्हा तिला सगळी कागदपत्रं आधी वाचायला द्या," ती म्हणाली. "मी तिला सांगून ठेवते."

"बरं." भुवईने पर्स बंद केली. मग तिची भुवई वर गेली आणि ती दुभाषीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "तुलाही घेतलेली?"

"हो."

"घरात बहिरे?"

"दोघंही."

"आई आहे?"

"आहे."

"मग तिला जाऊन विचार," भुवई म्हणाली. "माझ्या मुलीच्या वेळात नको."